चुकलेला ठोका

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर ठोकेमहाराज डोळे मिटून बसले होते आणि त्यांचं मनगट एका निवृत्त नर्सबाईंच्या हातात होतं. बाई चाळीस वर्षं वॉर्डात राबलेल्या. त्या खोटं बोलतील असं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

"नाडी मंद होतेय," बाई म्हणाल्या. मग माइकवर नुसता त्यांचा श्वास ऐकू आला. "थांबली."

"दिला आमचा ठोका," महाराज तसेच डोळे मिटून म्हणाले, "ज्याचा चुकतो त्याला. पण गोळी आणि आमचा ठोका एका अंगात नांदत नाहीत. काय ते एक ठरवा."

पहिल्या रांगेतल्या सासूबाईंनी ते तीन आठवड्यांपूर्वीच ठरवलं होतं. त्यांचं हृदय मधूनच एक ठोका गाळायचं. एक दिवसही गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि काल त्यांच्या सुनेला ते गोळ्यांचं पाकीट शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली सापडलं. म्हणून तर ती लेकीला घेऊन इथे आली होती.

"मानेवर बघा ना," आठ वर्षांची लेक मोठ्यांदा म्हणाली. "मनगटावर नाही सापडली तर मानेवर बघायची असते."

हा घरचा अभ्यास. शाळेत शरीराचा धडा उरकून टाकला, तेव्हा आईने लेकीला खाकी कागदावर निजवून भोवती पेन्सिल फिरवली होती. त्या आकृतीत दोघी रोज एक अवयव चिकटवत. संध्याकाळी घरातल्या सगळ्यांची नाडीमोजणी व्हायची. इवल्या बोटांना मनगटाची नाडी सापडेना, म्हणून आईने मानेपासूनच सुरुवात केली होती.

नर्सबाईंचा हात पुढे झालासुद्धा. पण शिष्य आडवा आला. "महाराजांच्या गळ्याला हात लावत नाहीत."

"बाळ," महाराज हसले, "तुझं हृदय पुस्तकातलं. त्याला ठोका कुठला?"

सभागृह खदखदून हसलं. आई मात्र महाराजांचं कोपर बघत होती. नाडी चालू होती तोवर सैल असलेलं ते कोपर आता शालीखाली बरगडीला घट्ट दाबलेलं होतं.

घरी आल्यावर तिने मोज्यांची जोडी गुंडाळून चेंडू केला आणि काखेत धरला.

"आई, माझी नाडी बघा," ती सासूबाईंना म्हणाली. मग दंड अंगाशी घट्ट दाबला.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "थांबली गं."

"इथे चालूच आहे की," लेक आईच्या मानेवर बोटं ठेवून म्हणाली.

"हाताकडे येणारी रक्तवाहिनी काखेतून जाते. ती दाबली की मनगटाची नाडी बंद. हृदय कुठे थांबलंय? त्यांच्या काखेतही असंच काहीतरी असणार." तिने मोजे काढून सासूबाईंच्या मांडीवर ठेवले.

सासूबाईंनी मोजे उलटसुलट करून पाहिले. मग दोन्ही हात जोडले. "म्हणजे तुलाही ती विद्या येते. आणि मी इतके दिवस दारोदार हिंडतेय."

"आई, हे मोजे आहेत."

"असू देत. तू म्हण, ठोका दिला. मग तू सांगशील ती गोळी घेते."

उठून त्यांनी शिवणाचा डबा आणला, पाकीट शोधलं, एक गोळी तळहातावर काढली आणि सुनेच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

दोन शब्दांचं काम होतं. लेकीची बोटं अजून आईच्या मानेवरच होती.

"आई, तुझे ठोके जोरात पडतायत."

"नाही आई," ती शेवटी म्हणाली. "ठोका कुणी कुणाला देत नसतं. गोळी डॉक्टरांनी दिलीय, म्हणून घ्या."

"मग राहू दे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. गोळी बटणांत गेली.

दुसऱ्या दिवशी ती नर्सबाईंकडे जाऊन आली. बाईंनी काखेत मोजे धरून पाहिले. "आता कुठल्या तोंडाने सांगू?" म्हणाल्या. पुढच्या रविवारी सभागृह पुन्हा भरलं.

मोजे प्रत्येकाच्या घरात असतात. करून बघायला दोन मिनिटं लागतात. कुणी नाडी थांबवून दाखवली, तर मानेवर बोट ठेवा. ठेवू देत नसेल, तर तिथेच उत्तर मिळालं. आणि गोळी बंद करायचीच असेल, तर ज्या हाताने ती दिली त्या हातालाच आधी विचारा.

लेक अजून रोज संध्याकाळी आजीच्या मानेवर बोटं ठेवते.

"आजी, एक चुकला."

"येईल गं," आजी म्हणते. "महाराजांकडून यायचाय."