तारखा नसलेली छापचित्रं

बायको गेल्यावर चार महिन्यांनी संग्रहालयाची गाडी दारात आली आणि तिचं जन्मभराचं काम घेऊन गेली. छापचित्रं, लाकडी ठसे, जस्ताचे पत्रे, पत्रव्यवहार. सगळी मिळून एकतीस खोकी. तिचीच तशी इच्छा होती, म्हणून सह्या करताना म्हाताऱ्याने हूं की चूं केलं नाही. गाडी वळल्यावर तिच्या कामाच्या, आता रिकाम्या झालेल्या मागच्या खोलीत गेला, तर स्वतःचाच खोकला घुमला. तेव्हा मात्र त्याला गलबलून आलं.

तो पोस्टातला कारकून. चित्रातलं त्याला ओ की ठो कळत नसे. पण चाळीस वर्षं कामावरून आला की बाह्या सरसावून तिच्या छापयंत्राचं चाक तोच फिरवायचा. आता संध्याकाळी हातांना काही कामच उरलं नाही. परदेशातली मुलगी फोनवर औषधांची चौकशी करायची, तो हो म्हणायचा, की संपलं बोलणं.

मग संग्रहालयातल्या नोंदणीवाल्या बाईंचा फोन आला. निम्म्या चित्रांवर तारखाच नव्हत्या. त्यांनी त्याला बोलावून घेतलं. पांढरे हातमोजे घालायला लावून समोर पहिलं चित्र ठेवलं: बादलीवर उलटी टांगलेली छत्री.

तो चित्रावर वाकला. वर्ष काही आठवेना. मग म्हणाला, "त्या दिवशी माझी बढती हुकली होती. मी जेवायचं नाही म्हटलं. तिने समजूत घातली नाही, चाकाशी उभं केलं. बावीस प्रती काढल्यावर मीच ताट मागितलं."

बढती हुकल्याचं साल त्याला तोंडपाठ होतं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, छापणारा म्हणून त्याचं नाव घालायचं का.

"नको. मी नुसतं चाक फिरवलं."

त्यांनी शेऱ्यात तेवढंच लिहिलं.

तेव्हापासून तो दर मंगळवारी जाऊ लागला. एका दिवसात एकच चित्र. जास्त काढू द्यायचा नाही. बाई एकदा हसून म्हणाल्या, "काका, अशाने दहा वर्षं लागतील."

"लागू देत," तो म्हणाला.

परतताना बसमध्ये बोलून बोलून घसा बसलेला असायचा. घरी पोचून दिवा लावला, की आज काय काय सांगितलं ते ऐकायला कुणी नसायचं. चहा टाकून तो मंगळवारपर्यंतचे दिवस मोजायचा.