धम्मपाल, पडदाभर

सहाशे चाळीस गुणिले चारशे ऐंशी

शेळ्या कपाशीत शिरतात. हातात काठी घेतलेला एक तरुण डावीकडून चालत येतो आणि त्यांना हाकलतो. गेम एवढाच. त्या शेळ्या गेल्या की नव्या शेळ्या.

तो तरुण म्हणजे धम्मपाल, आणि गेमही त्यानंच बनवलेला. पिंगळीहून परभणीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा तेव्हा. पांढऱ्या चादरीपुढे तो उभा राहिला, डावा पाय पुढे, मग उजवा पाय पुढे, काठी म्हणून फरशी पुसायच्या वायपरचा दांडा. दोस्त चंद्रभाननं फोटो काढले. धम्मपालनं कॉम्प्युटरवर फोटोतली मागची चादर खोडली, आणि खोडता खोडता स्वतःच्या डाव्या हाताची बोटंही खोडून बसला. मग पुढच्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली.

इथं गोष्ट तुटते. ती वीस-एक वर्षांनी सेलूत जोडली जाते, तीही नीट नाही.

एकोणीसशे वीस गुणिले एक हजार ऐंशी

भंगार आवरताना चंद्रभानला जुनी हार्डडिस्क सापडली. त्यातला गेम त्यानं पेनड्राइव्हवर घालून धम्मपालच्या बहिणीकडे पोचवला. धम्मशीला सेलूत शिक्षिका. आई रुख्मिणी, म्हणजे तिची माय, तिच्याकडेच राहते. घरात नवा, रुंद, सपाट मॉनिटर होता. गेम सुरू झाला आणि कडेपासून कडेपर्यंत पसरला. जुन्या, जवळजवळ चौकोनी डब्यासाठी काढलेलं ते चित्र नव्या मॉनिटरनं दोन्ही बाजूंनी धरून ताणलं होतं. चंद्र अंड्यासारखा. शेळ्या गाभण असाव्यात तशा. आणि मधोमध

ध      म्म      पा      ल

गाल भरलेले, खांदे रुंद, कडा धुरकट.

मायनं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाली, "आंगानं भरलाय गं पोरगं."

काविळीत तेल वर्ज्य. औषध देणाऱ्यानं मायला बजावून सांगितलं होतं, थेंबभर जरी पोटात गेलं तरी माझी जबाबदारी नाही. मायनं पथ्य डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. शेवटी शेवटी धम्मपाल ठेच्यावर तेल मागायचा, बोट बुडवून चाटू दे म्हणायचा, आणि माय बरणी फडताळात ढकलून पाठ फिरवायची. पथ्य मोडलं नाही. धम्मपाल गेला. त्या दिवसापासून मायनं स्वतःच्या ताटात वरून तेल घेतलं नव्हतं. ते घ्यायला लावणं कुणालाच जमलं नाही.

आता धम्मशीला शाळेतून आली की माय गेम लावायला सांगू लागली. शेळ्यांकडे तिचं लक्षच नसे. पोरगं चालतंय कसं, मान ताठ कशी, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवी. भिंतीवरच्या फोटोत तो नुसता उभा होता. इथं चालत होता, आणि खाऊनपिऊन चालत होता. एका दुपारी तिनं आपणहून ताट पुढं केलं आणि ठेच्यावर तेल मागून घेतलं. धम्मशीलानं धार सोडली. मायचे ओठ तेलानं चमकलेले तिनं कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

मग हे असंच चालू द्यायला हरकत कुणाची होती?

हरकत

धम्मशीलाची.

भावाच्या चेहऱ्यावर तिचाही हक्क होता. रोज ते ताणलेलं चित्र बघून बघून डोळे मिटले तरी रुंद जबड्याचा कुणी माणूस दिसायला लागला, आणि धम्मपालचा खरा लांबट चेहरा हळूहळू पुसट होत चालला. ती आठवायला जायची आणि मॉनिटर मध्ये यायचा.

रविवारी चंद्रभान आला. चहाचा कप हातात घेऊन त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. "ताई, हा धम्या न्हाई. धम्याचा सासरा वाटायलाय."

तीही हसली. पण ते लागलं. हे नीट करता येतं का, तिनं विचारलं. मॉनिटरच्या खालच्या बटणानं एक मेनू येतो, त्यात चारास तीन हे जुन्या पडद्याचं प्रमाण निवडायचं, बाजूला थोडं काळं राहील एवढंच, असं सांगून, दाखवून, चहा संपवून तो गेला. त्यानं दाखवून पुन्हा होतं तसं करून ठेवलं होतं. माय आत भाकरी थापत होती.

धम्मशीलानं बटण दाबलं.

█ चित्र आक्रसलं. █
█ चंद्र गोल झाला. █
█ शेळ्या शेळ्या झाल्या. █
█ धम्मपाल चालत आला, █
█ काटकुळा, लांब मानेचा, █
█ होता तसा. █

होता तसाच होता. तरी क्षणभर तिलासुद्धा तो फार किरकोळ वाटला. डोळ्यांना रुंदीची सवय लागली होती. हे तिच्या ध्यानात येतंय तोवर माय पिठाचे हात पुसत बाहेर आली आणि उभीच राहिली.

"ह्याला काय झालं?"

"काई न्हाई माय. हेच खरं हाय. आधी मशीन ताणत व्हतं त्याला."

मग वर्गात समजावते तसं तिनं सगळं समजावलं. जुना पडदा, नवा पडदा, उंची तेवढीच, रुंदी वाढलेली. माय ऐकत होती आणि बघत होती त्या दोन काळ्या पट्ट्यांकडे. कुणी दोन्हीकडून दारं लोटत आणल्यासारख्या त्या त्याच्या अंगाशी आल्या होत्या.

"म्हंजे त्यो खात न्हवता," ती म्हणाली.

धम्मशीलानं घाईनं पुन्हा बटण दाबलं. पट्ट्या गेल्या. गाल भरले, खांदे रुंदावले. बघ, झाला की नाही तसाच, असं ती म्हणू लागली आणि अर्ध्यातच थांबली, कारण माय वाकून पडद्याला नाक टेकेल इतकी जवळ गेली होती. मायनं धम्मपालच्या गालावर बोट दाबलं. उचललं. बोटाच्या जागी काळसर खळगा राहिला, मग हळूहळू भरून आला.

"सूज हाय ही," माय म्हणाली. "शेवटी अशीच आली व्हती."

ती अंगणात जाऊन उन्हात बसली. शेळ्या कपाशीत शिरत राहिल्या. धम्मशीलानं मेनू परत उघडला. वर-खाली करून पाहिलं.

त्यात दोनच पर्याय होते.