शिव्यांचं व्रत

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात कुंदाताई परब म्हणजे चालतंबोलतं पंचांग. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवारी मारुतीला तेल. उरलेले वार देवांना सुट्टी, असं त्यांचे यजमान जयवंतराव म्हणत. मालवणात जन्मूनही साठ वर्षांत कुंदाताईंच्या तोंडून साधं 'मेल्या' निघालं नव्हतं. माहेरच्यांना शंका होती, बाई दत्तक आणलेली असावी.

त्यांचा मुलगा सिद्धेश अकरा महिन्यांपूर्वी गेला. आत्महत्या केली त्याने. घराने जगाला सांगितलं, अटॅक. जयवंतरावांनी तो अटॅक इतक्या वेळा सांगितला की त्यात आता दोन डॉक्टर, एक ॲम्ब्युलन्स आणि मुलुंडच्या सिग्नलचं ट्रॅफिकही आलं होतं. ऐकणारा फोटोला हात जोडायचा, "देवमाणूस हो!" सून जान्हवी चहाचा ट्रे धरून उभी असायची. तीही मान हलवायची.

त्या मंगळवारी पूजा आटोपून कुंदाताईंनी पाण्याचा पेला उचलला, तोच शेजारची चेतना दारात.

"काकू, जान्हवीवहिनीने काल मला तिची लग्नातली पैठणी देऊन टाकली! म्हणाली, मला आता काय करायचीय. केवढं मोठं मन!"

पेला ओठांपाशीच थांबला. हेच शब्द. जायच्या आठवड्यात सिद्धेशने जीव की प्राण असलेला पखवाज मित्राला देऊन टाकला, तेव्हा कुंदाताईंनीच भजनी मंडळात मिरवलं होतं, "माझ्या लेकाचं मन मोठं." देवापुढे साखर ठेवली होती त्यांनी. साखर!

पेला तसाच खाली ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. जान्हवी मेथी निवडत होती.

"जान्हवी, आज माझं व्रत आहे. तू खरं बोलेपर्यंत पाणी नाही."

"हे कुठलं व्रत, आई?"

"पोथीत नाही. आत्ताच सुरू केलंय."

"तुम्हाला शुगर आहे. गोळी घ्यायचीय."

"म्हणून तर पटकन बोल. तुला मरावंसं वाटतं का गं?"

बाहेर जयवंतरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला, मग घाबरून बंदच केला. "अगो, असं विचारतात काय? नसलं डोक्यात तर येईल!"

"तुम्ही गप्प बसा. मागच्या वेळी नाही विचारलं, तेव्हा काय दिवे लागले?"

अर्धा तास गेला. मेथीची एक जुडी संपली. कुंदाताईंचे ओठ सुकले.

"आई, प्या ना पाणी. हे ब्लॅकमेल आहे."

"व्रत म्हणजे दुसरं काय असतं? देवाला जन्मभर हेच करत आलेय."

जान्हवीने मेथीचं देठ मोडलं. अगदी हळू म्हणाली, "वाटतं. रोज नाही. संध्याकाळी वाटतं." मग आवाज चढला, "आणि राग येतो. पण देवमाणसावर रागवायचं कसं? लोक हात जोडतात त्या फोटोला, आणि मला त्याला हाणावंसं वाटतं!"

कुंदाताईंनी तिचा हात धरला आणि थेट फोटोपुढे नेऊन उभं केलं. "हाण. तोंडाने. थांब, आधी मी." पदर खोचला. "मेल्या!"

छत काही कोसळलं नाही.

"मेल्या सिद्ध्या, आमका एक शब्द सांगूक काय झाला होता तुका? तुझ्या आवशीचो घो..." आणि त्या थबकल्या. आवस म्हणजे आई, ती त्या स्वतः. घो म्हणजे नवरा, तो सोफ्यावर रिमोट धरून बसलेला.

"माका कित्याक मध्ये घेतंस गो?" जयवंतराव कळवळले.

जान्हवी हसली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता ओरडली, "गाढवा! त्या सकाळी मला विचारलंस काय, तर भाजी कुठली आणू! मी म्हटलं, भेंडी! शेवटचा शब्द माझा भेंडी, नालायका!" आणि सासूच्या खांद्यात तोंड खुपसून रडली.

तिनेच मग पेला आणि गोळी आणून दिली. कुंदाताई घटाघट प्यायल्या.

जयवंतरावांनी घाटकोपरच्या मनाच्या डॉक्टरांना फोन लावला. तिकडच्या मुलीने विचारलं, घरात आधी कुणाला काही? अटॅक जिभेवर आलाच होता, ॲम्ब्युलन्ससकट. त्यांनी तो गिळला.

"आत्महत्या," ते म्हणाले. "माझा मुलगा. आता सुनेच्या मनात तसंच येतंय, आजची वेळ द्या. आणि नावं तिघांची लिहा."

चारची वेळ मिळाली. तोवर जान्हवीला नजरेआड करायचं नव्हतं, म्हणून कुंदाताई तिला घेऊनच शेजारी गेल्या. दिलेली वस्तू परत मागितली तर कुत्र्याचा जन्म येतो, हे चेतनाला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी बेल दाबली.

"पैठणी परत दे."

"अय्या काकू! रविवारी साखरपुड्याला नेसणार होते मी!"

"माझी नेस. हिची हिला लागणार आहे, पुष्कळ वर्षं. आता तू जरा मन मोठं कर."

"पण दिलेलं परत मागितलं तर कुत्र्याचा..."

"येऊ दे," कुंदाताई हात पुढे करून म्हणाल्या, "भुंकेन."