दोन तासांचा कोड

थोरलीने खिडकीच्या काचेखालून लॅपटॉप आत ओढला, उघडला आणि समोर उभ्या असलेल्या धाकट्या जावेकडे न बघताच विचारलं,

"विभागाचं पत्र आणलंस?"

"कसलं पत्र, ताई?"

"कायमचं नेटवर्क जोडायचं तर विभागप्रमुखांचं पत्र लागतं. त्याशिवाय नाही होत."

असं कुठलंही पत्र लागत नव्हतं. विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक आणि पासवर्ड टाकला की चार मिनिटांत विद्यापीठाचं वायफाय जोडलं जातं, आणि मग लॅपटॉप आवारात कुठेही उघडला तरी आपला आपण जोडून घेतो. संगणक केंद्राच्या या खिडकीत बसून अकरा वर्षांत थोरलीने असे किती लॅपटॉप जोडले याला गणती नव्हती. हा एक मात्र तिच्याच्याने जोडवेना.

"मग तोवर काय करू?"

"तोवर पाहुण्यांचं वापर." थोरलीने गठ्ठ्यातली एक चिठ्ठी फाडून पुढे सरकवली. तिच्यावर आठ अक्षरांचा कोड छापलेला होता. "दोन तास चालतो. संपला की दुसरा घ्यायला इथे यायचं."

"बरं," धाकटी म्हणाली आणि लॅपटॉप छातीशी धरून ग्रंथालयाकडे गेली. रुसवा नाही की फुगवा नाही. थोरलीला त्याचाच जास्त राग आला.

राग तसा फार जुना नव्हता, या उन्हाळ्यातला होता. तोवर घरात विद्यापीठ म्हणजे थोरली. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची थोरली युनिव्हर्सिटीत असते," आणि ती खिडकीत बसते की वर्गात शिकवते हे मुद्दाम मोघम ठेवायच्या. थोरलीही कधी खुलासा करत नसे. मग धाकटीने, पस्तिशी उलटलेल्या, दोन मुलांच्या आईने, पीएचडीची प्रवेश परीक्षा दिली आणि पहिल्याच फटक्यात पासही झाली. आता सासूबाई म्हणतात, "आमची धाकटी पीएचडी करते. थोरलीपण तिथेच कामाला आहे." त्या 'पण'ने थोरलीची झोप उडवली. तीच परीक्षा तिने स्वतः दोनदा दिली होती, रजा टाकून, घरात कुणाला न सांगता. दोन्ही वेळा नापास. कानामागून आली अन् तिखट झाली म्हणतात, ते उगाच नाही. तेव्हापासून ती धाकटीशी कामापुरतं बोलत असे. गॅस बंद केलास का, मुलांची बस आली का, एवढंच.

धाकटी रोज येऊ लागली. सकाळी अकराला एकदा, दुपारी तीनला एकदा. "ताई, कोड," म्हणायची आणि चिठ्ठी हातात पडली तरी खिडकीशी रेंगाळायची. ग्रंथालयात आज कोण घोरत होतं ते सांगायची, मार्गदर्शक बाई नाकावर चष्मा ओढून लाल रेघा कशा मारतात त्याची नक्कल करायची. थोरली नुसतं 'हं' म्हणायची. एकदा हसू आलंच, तेव्हा तिने ते खोकल्यात ढकललं. ही पीएचडीवाली दिवसातून दोनदा आपल्यापुढे हात पसरून उभी राहते, याचा तिला आनंद होत होता. खोटं कशाला बोला, चांगलाच होत होता. अकरा आणि तीन वाजत आले की ती घड्याळाकडे बघू लागली, तेही त्याच आनंदापायी, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

महिनाअखेरीला न वापरलेले कोड रद्द करायचे असतात. कोड देताना घेणाऱ्याचा क्रमांक नोंदवायची पद्धत होती, त्यामुळे कोणी किती नेले हे यादीत दिसे. धाकटीने अडतीस नेले होते. त्यातले पहिले तीन वापरलेले. बाकीचे पस्तीस कोरे.

म्हणजे ही अभ्यास करतच नाही! थोरलीला इतकं बरं वाटलं की ती उठून ग्लासभर पाणी प्यायली. महिनाभर लॅपटॉप काखोटीला मारून नुसती मिरवते आहे बाई. संध्याकाळी सासूबाईंना हे कसं सांगायचं, आवाज कसा काळजीचा ठेवायचा, तेही तिने ठरवून टाकलं.

तरी खात्री केलेली बरी म्हणून तिने कायमच्या नेटवर्कची यादी उघडली आणि धाकटीचा क्रमांक टाकला. नाव लगेच वर आलं. लॅपटॉप जोडल्याची तारीख, पहिल्या कोडच्या दुसऱ्याच दिवसाची. वेळ दुपारी दीडची. दीडला थोरली जेवायला जात असे. जोडणारा, शेजारची खिडकी.

शेजारच्या खिडकीत बसणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत, कारण साधा पासवर्ड बदलायचा तरी तो फळ्यापुढे उभा असल्यासारखा समजावून सांगे.

"मास्तर, माझ्या जावेचा लॅपटॉप तुम्ही जोडलात?"

"हो की. महिना झाला त्याला. पत्र कुठून आणायचं विचारत होती. मी म्हटलं, कसलं पत्र? नंबर टाका, झालं. चार पायऱ्या असतात, पहिली—"

"मग काय म्हणाली?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "सांगू नका म्हणाली होती. आता तुम्हीच विचारताय म्हणून. आधी लॅपटॉप मिटून घेतला. मग म्हणाली, घरी ताई माझ्याशी बोलत नाहीत. कोड देताना निदान दोन शब्द तरी बोलतात."

थोरली आपल्या खुर्चीवर येऊन बसली. कान तापले होते. चोरी पकडली गेल्याची लाज वाटत होती, आणि त्या लाजेतही तीच जुनी जळजळ होती. परीक्षेत पुढे गेली ती गेली, आता मनाच्या मोठेपणातही पुढे! त्यापेक्षा तिने येऊन चार खडे बोल सुनावले असते, तर फिटंफाट तरी झाली असती. थोरलीने पस्तीसच्या पस्तीस कोड रद्द केले आणि यादी बंद केली.

तीन वाजले.

"ताई, कोड."

थोरलीचा हात सवयीने गठ्ठ्याकडे गेला आणि अर्ध्यावरून मागे आला.

"कोड संपले."

धाकटीचा हात खिडकीत तसाच राहिला. तोंड एवढंसं झालं.

"मग... उद्या येऊ?"

"उद्या कशाला? दार उघडंच आहे. आत ये."

धाकटी वळसा घालून आत आली आणि स्टुलाच्या कडेवर टेकली.

"रोज एवढं काय लिहितेस? दाखव तरी."

आवाज मनाजोगा निघाला नाही, जरा खरखरीतच निघाला. धाकटीने लॅपटॉप टेबलावर ठेवून उघडला. पडदा उजळला आणि कोणी काही विचारायच्या आत कोपऱ्यातली वायफायची खूण आपली आपण भरून आली. धाकटीने पटकन तिच्यावर बोट ठेवलं.

"बोट काढ," थोरली म्हणाली. "काचेवर डाग पडतो."