पाठमोरी आई

आमच्या लेकीला शाळेत घ्यायचं की नाही, हे एका चित्रावर ठरणार होतं. मी दुकानांच्या पाट्या रंगवतो, त्यामुळे चित्राची तयारी माझ्या गळ्यात पडली. समोर चित्र धरलं की आमची ठिपकी गाडीच्या चाकातल्या आऱ्या मोजायची. गाडी झाडावर आदळलीय हे तिच्या गावीही नसायचं. ऑटिझममुळे असं होतं, डॉक्टर म्हणाल्या होत्या. म्हणून पंधरा दिवस मी तिच्याकडून एकच घोकून घेतलं: चित्रात सगळ्यात मोठं काय, ते आधी सांगायचं.

शाळेतल्या बाईंनी चित्र पुढे ठेवलं. स्वयंपाकघर, फुटलेली बरणी, मान खाली घातलेली मुलगी आणि ओट्याशी पाठमोरी आई.

"काय चाललंय इथे?"

"भिंत," ठिपकी म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. सगळ्यात मोठी भिंतच होती की! मग तिने सांगितलं, भिंतीवरच्या एका टाइलवरचं फूल उलटं आहे. मी, बायको आणि बाई, तिघं वाकून बघायला लागलो. होतं उलटं! बाई म्हणे नऊ वर्षं तेच चित्र वापरत होत्या. तरी त्यांच्या कागदावरचा गुणांचा रकाना रिकामाच राहिला.

न राहवून मी मध्ये तोंड घातलं, "अगं, आई रागावलीय ना!"

"कुठे?" ठिपकी चित्राला नाक लावून शोधू लागली. तिला खरंच बघायचं होतं. "बाबा, हिचं तोंडच दिसत नाहीये."

मीही शोधलं. खांद्यात? हातात? हात तर नुसते ओट्यावर टेकलेले. चितारणाऱ्याने राग कुठेच काढला नव्हता.

"मला ती दमलेली वाटली," बायको हळूच म्हणाली.

बाईंनी उत्तरांचा कागद उघडला. 'आई रागावली आहे' असं चक्क छापलेलं होतं. त्यांनी चित्र जवळ ओढून पुन्हा बघितलं. "मीसुद्धा न बघताच गुण देत आले," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून पाठवा हिला."

मी हुश्श केलं, पण ठिपकीचं कुतूहल संपलं नव्हतं. ती स्वतःच्या आईकडे वळली. "तू भांडी घासताना रागावलेली असतेस की दमलेली?"

"दमलेली."

बारा वर्षं ओट्याशी बायकोची पाठ दिसली की मी गुपचूप बाहेर सटकायचो, रागावलीय म्हणून. एकदाही विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली.