खांद्याएवढं हँडल

धाकटीने सायकलची दोन हँडलं आणून कापड बेतायच्या टेबलावर ठेवली, तेव्हाच मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एक हँडल म्हणजे नुसती सरळ दांडी. दुसरं दोन्ही टोकांना खाली वळलेलं, एडक्याच्या शिंगांसारखं. यातलं कुठलं बरं दिसेल, असं तिने विचारलं आणि मास्तरांना तिच्या प्रश्नापेक्षा मोठा प्रश्न पडला. ही मला का विचारतेय?

कारण सायकलीच्या बाबतीत धाकटी कुणाच्या बापाचं ऐकत नसे, स्वतःच्या तर नाहीच. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात ती रोज फिक्स गिअरच्या सायकलवरून जायची. त्या सायकलीने मास्तरांच्या डोक्याला ताप केला होता. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, उतारावरही पायांना सुटी नाही, आणि थांबायचं तर पायांनीच उलटा जोर लावून थांबायचं. निदान एक ब्रेक लाव, हे सांगून सांगून त्यांची जीभ झिजली होती. तिची ती सायकल धडधाकट होती, हँडलासकट. तरी महिनाभर मागच्या खोलीत शिलाई मशीनच्या शेजारी दुसऱ्या सायकलचा सांगाडा उभा होता. ही कुणाची म्हणून विचारलं, तर "शहरात फिरायला," एवढंच उत्तर मिळायचं. विचारलं कुणाची आणि सांगितलं कशासाठी, म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

"ज्याची सायकल त्याला विचार," मास्तरांनी खडा टाकून पाहिला.

धाकटी गालातल्या गालात हसली. हँडल खांद्याएवढं रुंद लागतं, तेवढं दोन्ही आहेत, फक्त आकाराचं ठरत नाही, असं म्हणाली. घाई नाही, विचार करून सांगा, असंही म्हणाली आणि टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेली.

खांदा हा शब्द शिंप्यासमोर काढायचा आणि वर निर्धास्त आंघोळीला जायचं, हे तिचं चुकलंच. पाण्याचा आवाज सुरू झाला तशी मास्तरांनी गळ्यातली टेप उतरवली आणि हँडलांवर लावली. दोन्ही साडेसोळा इंच. धाकटीचा खांदा साडेचौदा. शाळेच्या गणवेशापासून तिचे कपडे त्यांच्याच हातचे, त्यात चूक होणं शक्य नव्हतं. म्हणजे हे हँडल दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यासाठी होतं, आणि तो खांदा पुरुषाचा होता.

आता एखाद्याला वाटेल, पोरगी कमावती आहे, असेल कुणी, त्यात एवढं काय? मास्तरांचंही तेच म्हणणं होतं. असेल तर असू दे. पण थोरलीच्या वेळी काय झालं होतं ते ते विसरले नव्हते. थोरलीने लग्नाची नोंदणी केली आणि मग फोन केला. त्याच्या आधी सगळ्या गल्लीला माहीत होतं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा. त्याने "अभिनंदन मास्तर" म्हटलं तेव्हा मास्तर कसलं म्हणून त्याच्याकडे बघत राहिले होते. जावई चांगला निघाला, सगळं गोड झालं, पण तो क्षण काही त्यांच्या मनातून गेला नाही. बायको गेल्यावर दोन्ही पोरींना त्यांनी एकट्याने वाढवलं होतं, आणि आपल्याच घरातली बातमी आपल्याला सगळ्यांच्या शेवटी कळावी, याची त्यांना फार भीती होती. पुन्हा एकदा तसं झालं तर आपल्याला सोसणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी साडेसोळाचा माणूस शोधायला घेतला. टेप लावायची गरज नव्हती. कोट शिवून शिवून त्यांची नजर अशी बसली होती, की रस्त्याने जाणाऱ्याचा खांदा ते दुकानातून सांगत. घराच्याच पुढल्या खोलीतल्या दुकानाच्या दारात खुर्ची टाकून ते डोळ्यांत तेल घालून बसू लागले. समोरचा औषधवाला एकोणीस. इस्त्रीवाला अठरा, शिवाय म्हातारा. धाकटीच्या कारखान्यातला एकजण तिला निरोप द्यायला आला, तो साडेसतरा निघाला. मास्तरांनी त्याला सोडून दिलं.

आणि मग बटणवाला आला.

बटणवाला किरकोळ, हळू बोलणारा, नाकासमोर चालणारा. दर आठवड्याला बटणांचे नमुने घेऊन यायचा. मास्तरांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि त्यांच्या हातातली सुई थांबली. साडेसोळा. अगदी तंतोतंत. हल्ली हा गरज नसताना येतो, चहा संपला तरी उठत नाही, आणि जाताना धाकटी बरी आहे ना म्हणून विचारतो, हे सगळं त्यांना एका दमात आठवलं. आजही त्याने विचारलंच.

"तिची चौकशी तुम्हाला कशाला?" मास्तर म्हणाले. "बटणं विकायला येता ना? मग बटणंच विका. आणि इथे नाही, दुसरीकडे."

बटणवाल्याचा चेहरा उतरला. त्याने एकेक पुठ्ठा पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि गेला. मास्तरांना वाटलं, चोर बरोबर धरला. संध्याकाळी धाकटीसमोर त्यांनी मुद्दाम बटणवाल्याचा विषय काढला. ती शांतपणे जेवत राहिली. केवढी बेरकी पोरगी, ताकास तूर लागू देत नाही, असं मास्तरांनी मनाशी म्हटलं.

या सगळ्या उद्योगात त्यांना विरंगुळा एकच होता, लिफ्टवाल्याचा कोट. हा लिफ्ट दुरुस्त करणारा गडी उन्हाळ्याच्या शेवटी दुकानात आला होता. लिफ्टच्या खड्ड्यात उतरणाऱ्याला कोट कशाला, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा तो लाजला. एका मुलीच्या वडिलांना भेटायचंय, म्हणाला. वडील कसे आहेत, तर संशयी आहेत असं ऐकलंय. मास्तर खूश झाले. बापासमोर कसं बसायचं, खांदे कसे सैल सोडायचे, विचारल्याशिवाय कसं बोलायचं नाही, हे त्यांनी त्याला माप घेता घेता शिकवलं. कोटाचा खांदा अठरा भरला, म्हणजे तो संशयितांत बसत नव्हता. असा सरळ मुलगा आपल्या धाकटीला का मिळू नये, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

पण बटणवाल्याबद्दल एक गोष्ट खटकत होती. त्याला सायकल येते का? पुरावा पक्का करावा म्हणून मास्तर चौकातल्या सायकलवाल्याकडे गेले आणि साडेसोळाचं हँडल बारीक माणसाला कसं होईल, असं आडून विचारलं.

"बारीक कशाला? चांगल्या भरल्या गड्याला होईल," सायकलवाला म्हणाला. "तुम्ही कोटाचा खांदा धरताय मास्तर. तो शिवणीपासून शिवणीपर्यंत असतो, मांस आलं, सैलपणा आला. आम्ही हाडापासून हाडापर्यंत मोजतो. दीड इंच तरी कमी धरा."

मास्तर घरी परतले ते कसे, त्यांचं त्यांना कळलं नाही. एवढी वर्षं टेप गळ्यात घालून फिरलो आणि माप घेतलं ते चुकीच्या जागेवरून, याची लाज एकीकडे. बटणवाल्याचा उतरलेला चेहरा दुसरीकडे. आणि सगळ्यात वाईट हे, की शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला हवा होता.

दुकानात लिफ्टवाला वाट बघत उभा होता. त्याची ट्रायल होती. मास्तरांनी कच्चे टाके घातलेला कोट त्याच्या अंगावर चढवला, पाठ पाहिली, खांद्याची शिवण जराशी पुढे होती म्हणून कोट उतरवला आणि सवयीने दोन्ही अंगठे त्याच्या खांद्याच्या हाडांवर ठेवले. ठेवले ते तिथेच राहिले. मग त्यांनी हळूच टेप लावली. हाडापासून हाडापर्यंत.

साडेसोळा.

लिफ्टवाला शिकवल्याप्रमाणे खांदे सैल सोडून उभा होता. आरशात दोघांची नजरानजर झाली आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मुलीचे वडील," मास्तर म्हणाले, "अजून संशयीच आहेत का?"

तो विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हेही शिकला होता. पण आता विचारलं होतं. "हो," तो म्हणाला. "पण माणूस चांगला आहे."

मागच्या दारात धाकटी उभी होती. ती केव्हा आली कोण जाणे. मास्तरांना बोलायचं बरंच होतं, पण तोंडातून निघालं ते एकच.

"थोरलीला माहीत आहे?"

"नाही."

"इस्त्रीवाल्याला?"

"कुणालाच नाही, बाबा. मी याला आधी तुमच्याकडे पाठवला. माप घेतल्याशिवाय तुम्हाला माणूस कळत नाही ना. आणि हँडलसुद्धा म्हणूनच विचारलं. वाटलं होतं, तुम्ही पुन्हा विचाराल कुणाची सायकल, आणि या वेळी मी सांगेन. तुम्ही म्हणालात, ज्याची त्याला विचार."

ती आपल्याला काही सांगणारच नाही असं मास्तर समजत होते, आणि तिने तर त्यांनाच सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं. टेप हातात धरून ते उगाच टेबलापाशी गेले आणि दोन्ही हँडलं उचलून पुन्हा खाली ठेवली. उद्या सकाळी बटणवाल्याच्या घरी जायचं, पाया पडावं लागलं तरी पडायचं, असं त्यांनी आधी ठरवून टाकलं. मग वळलेलं हँडल बाजूला सारलं.

"हे नको. यावर माणूस वाकून बसतो. कोटाची पाठ ताणेल, शिवण उसवेल. सरळ दांडी लाव."

धाकटी मान डोलवून ती दांडी उचलायला पुढे झाली. पण मास्तरांनी दांडीवर ठेवलेला हात काढला नाही.

"आणि ब्रेक," ते म्हणाले. "दोघांच्याही सायकलींना."