पायापर्यंत न पोचलेला पट्टा

मित्रांनो, बसवकल्याणच्या एका दवाखान्यात पोटात पारा घेऊन ज्यानं उभं आयुष्य काढलं, तो मी. रक्तदाब मोजायचं यंत्र. लोक मला 'बीपीचा डबा' म्हणत. मी रागावत नसे, कारण माझ्यासमोर भलेभले गप्प बसत. एकदा एका जावयाला सासऱ्यादेखत पट्टा बांधला, तर पारा नळी फोडून उडाला आणि छताला चिकटला. कंपाउंडर रेवणप्पानं शिडी लावून तो खरवडून काढला. ही गोष्ट तुम्ही निम्मी खरी धरा. पुढची मात्र सगळी खरी धरा.

मी सोलापूरहून बसनं आलो, गवतात गुंडाळून. नरहरराव डॉक्टरांनी मला टेबलावर मानानं बसवलं. ते मोठे भले माणूस होते. गोरगरिबाला औषध फुकट देत, रात्री-अपरात्री उठून जात. दुपारी मऊ फडक्यानं माझी काच स्वतः पुसत. असा मान मला पुन्हा मिळाला नाही.

एका सुगीत जवळच्याच मेहकर गावच्या चांगुणाबाई आपल्या मारोतीला घेऊन आल्या. मारोती ऐन तेविशीतला. त्याचे दंड एवढे जाड की माझा पट्टा पुरता पुरेना, आणि पाय काटकुळे. गावातली पोरं त्याला 'वर पैलवान, खाली बगळा' म्हणून चिडवत, असं तो स्वतःच हसत सांगत होता. डोकं ठणकायचं आणि नाकातून रक्त यायचं, म्हणून आईनं त्याला आणलं होतं.

डॉक्टरांनी फुगा दाबला. माझा पारा दोनशेच्या जवळ जाऊन थांबला.

"पोरगा तेवीसचा हाय, डॉक्टरसाब," रेवणप्पा म्हणाला. "डबाच म्हातारा झालाय."

सगळे हसले. मग डॉक्टरांनी मला रेवणप्पाच्याच दंडाला बांधलं. त्याचा दाब एकशेवीस भरला, तसं हसू थांबलं. तरी डॉक्टरांना मनातून पटेना. दाब वाढतो तो म्हाताऱ्यांचा, तरुणाचा वाढला तर जागरणानं किंवा लोणच्यानं, असंच ते धरून चालले. मीठ कमी कर म्हणाले आणि गोळ्या दिल्या. चांगुणाबाईंनी घरी जाऊन लोणच्याची बरणी शेजारणीला देऊन टाकली.

हिवाळ्यात दोघं पुन्हा आली. पारा जागचा हलला नव्हता. या वेळी मारोती म्हणाला, "चाललं की पोटऱ्या दुखायल्यात. पाय गार पडायलेत."

डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. शिकताना ऐकलेलं काहीतरी त्यांना आठवलं असावं. पायाची नाडी बघायला ते वाकले. त्यांचा हात मारोतीच्या पावलापाशी पोचला आणि चांगुणाबाई धसकन उठल्या.

"नका, डॉक्टरसाब. तुमच्यावानी थोरल्या माणसानं आमच्या पोराचं पाय धरायचं? पाप लागंल त्याला."

मारोतीनंही पाय बाकाखाली ओढून घेतले. मित्रांनो, डॉक्टरांनी त्याला एवढंच सांगायचं होतं, की गप बस आणि पाय पुढं कर. पण त्यांचा हात मागे आला, आणि जरा जास्तच लवकर आला. मारोतीच्या घरानं बुद्धाचा धर्म घेतला होता. त्याआधी त्याच्या आजोबांना डॉक्टरांच्या वडलांच्या ओट्याखाली उभं राहावं लागे. डॉक्टर ते मानत नसत. त्याच्या दंडाला पट्टा बांधताना त्यांना काही वाटलं नाही. पण पाय म्हटल्यावर त्यांच्या हातानं जुनंच ऐकलं. मी टेबलावरून बघत होतो. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. त्यांनी गोळ्या वाढवून दिल्या.

ज्वारीच्या राशीवर मारोती कोसळला. डॉक्टर स्वतः त्याला जीपमध्ये घालून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले, आणि मी त्यांच्या पिशवीत होतो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझा पट्टा मारोतीच्या पोटरीला बांधला. उभ्या जन्मात मी पायाला लागलो तो तेव्हाच. पारा दंडावर चढला त्याच्या निम्म्यावरही गेला नाही.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, की छातीतली मोठी रक्तवाहिनी जन्मापासून एका जागी आवळलेली आहे. म्हणून वर दाब तुंबतो आणि खाली रक्त पोचत नाही. वेळेवर कळतं तर शस्त्रक्रियेनं सुटलं असतं. आता मेंदूतली शीर फुटली होती. "इतक्या तरुण पोराचा दाब उगाच वाढत नाही, डॉक्टर. मूत्रपिंड असतं, एखादी ग्रंथी असते, नाहीतर हे असतं. पायाची नाडी बघितली नव्हती का?"

मारोती दिवस मावळायच्या आत गेला.

चांगुणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून आवाज बसला होता. डॉक्टर जवळ गेले, तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"मी नका म्हणले, डॉक्टरसाब. मी अडाणी. तुमी कामून हात मागं घेतलाव?"

त्यानंतर त्यांनी माझी काच कधी पुसली नाही. दवाखाना रेवणप्पाच सांभाळू लागला, आणि मी कपाटात गेलो. पारा काळवंडला, पट्ट्याचं रबर चिरलं.

मित्रांनो, मला पुसून पुन्हा टेबलावर ठेवा असं माझं मागणं नाही. तरुण माणसाचा दाब चढलेला दिसला तर मीठ आणि जागरणावर भागवू नका, तो कशानं चढला ते शोधायला लावा. कुणी वैद्य तुमच्या पायाशी वाकला तर पाय ओढून घेऊ नका. आणि तुमच्यातलं जे कुणी उद्या डॉक्टर होईल त्यानं, आई नको म्हणाली तरी, हात मागं घेऊ नये.